पंचवीस कुंच्या

चंचलचा टाका ढिला होता. हे उज्ज्वलाला ठाऊक होतं, खुद्द चंचललाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते गिऱ्हाइकांना, आणि असतं तरी त्यांनी चंचलचाच माल उचलला असता. हेच उज्ज्वलाच्या जिवाला लागून राहिलं होतं.

दोघी सख्ख्या जावा. उज्ज्वलाचा नवरा हेमराज सुरतच्या लिंबायतमध्ये लूम चालवायचा. धाकटा दीर गोपाल कापड मार्केटात साड्यांच्या घड्या घालायचा. दोन्ही बिऱ्हाडं एकाच चाळीत, समोरासमोर. मधे तीन हातांची बोळ. इकडे फोडणी पडली की तिकडे ठसका लागायचा.

उज्ज्वला लग्न होऊन सुरतेत आली तेव्हा पारोळ्याहून आईची एक कला हातात घेऊन आली होती. कुंची शिवण्याची. बाळाच्या डोक्यावर नीट बसणारी, कानांवरून उतरून पाठीवर पसरणारी, कडेला जरीचा गोटा, मोती आणि हनुवटीखाली बांधायला दोन बंद. रिंगरोडला साटनचे, मखमलीचे उरलेले तुकडे किलोवर मिळत, आणि गोट्याला तर सुरतेत तोटाच नव्हता. एका कुंचीला तिला दीड दिवस लागायचा. आतून मलमलीचं अस्तर, कारण बाळाची टाळू मऊ असते. कुंची उलटी करून पाहिली तरी दोरा दिसायचा नाही.

भाव पंचेचाळीस रुपये. निम्मे वस्तूला जायचे, निम्मे हाताचे.

रविवारच्या बाजारात ती पोतं अंथरून बसायची.

"काही कमी?" गिऱ्हाईक विचारायचं.

"नाही."

"अहो, काहीतरी करा की!"

"एकच भाव."

गिऱ्हाईक कुंची खाली ठेवायचं. हळूच ठेवायचं, मागून हाक यावी म्हणून. मग चार पावलं रेंगाळत चालायचं. उज्ज्वला हाक मारायची नाही. आधी खोटा भाव सांगायचा आणि मग तो खोटा होता हे आपल्याच तोंडाने कबूल करायचं, हे तिला जमतही नव्हतं आणि पटतही नव्हतं. तरी ओळखीपाळखीने आठवड्याला तीन-चार कुंच्या जायच्या. तिचं बरं चाललं होतं.

मग गोपालचं लग्न झालं आणि शिंदखेड्याहून चंचल आली. सावळी, ठेंगणी, बोलताना समोरच्याच्या दंडाला हात लावणारी. सहा महिन्यांत चाळीतल्या ओडिया बायकासुद्धा तिला नावाने हाक मारू लागल्या. उज्ज्वलाला तिथे बारा वर्षं झाली होती, तिला अजून सगळे 'हेमराजची बायको' म्हणायचे.

सुई धरायला चंचलला उज्ज्वलानेच शिकवलं. पोर घरात रिकामी बसते, दोन पैसे मिळवेल, असं वाटून शिकवलं. चंचल शिकली, पण घाईची. दिवसाला एक कुंची उरकायची. अस्तर नाही, मोती लांब लांब, आणि गोटा कडेला नुसता धावत्या टाक्यावर लटकवलेला. उज्ज्वला दोनदा बोलली. "जिजी, बाळ काय उलटी करून बघणार आहे का?" म्हणून चंचल हसली. उज्ज्वलाने बोलणं सोडलं.

प्लेगची साथ येऊन गेली त्याला दोन वर्षं होत आली होती. गावाला पळून गेलेली माणसं केव्हाच परतली होती, लूम पुन्हा खडखडत होते, घराघरात पाळणे हलत होते. कुंचीला मागणी होती. त्या हंगामात चंचलने उज्ज्वलाच्या पोत्याशेजारीच आपलं पोतं अंथरलं.

पहिल्याच रविवारी परभणीकडची एक बाई आली. हिरव्या बांगड्या, हातात कापडी पिशवी. तिने उज्ज्वलाची जांभळी कुंची उचलली, आत हात घालून अस्तर चाचपलं, "छान केलीय" म्हणाली आणि भाव विचारला. पंचेचाळीस. चाळीसला मागितली. उज्ज्वलाने मान हलवली. बाईने कुंची ठेवली आणि दीड हात सरकून चंचलपुढे बसली.

"ही केवढ्याला?"

"सत्तर."

"बाई बाई! टोपड्याचे सत्तर?"

"टोपडं कुठलं मावशी, कुंची आहे. नातवाला की नातीला?"

"नात झाली. लेकीची."

"पहिली?"

"पहिलीच."

"मग सत्तर तिच्या बापाकडून घेईन, आजीकडून कशाला घेऊ?" चंचलने कुंची बाईच्या मांडीवर ठेवली. "तुम्ही सांगाल तो भाव. पण नातीचा मान ठेवून सांगा."

"पस्तीस."

चंचलने कपाळाला हात लावला. "मावशी, सकाळपासून भवानी नाही झाली, आणि तुम्ही मला उपाशीच झोपवणार बघा." बाई हसली. चाळीस म्हणाली. चंचल साठवर आली, मग रुसली, मग "राहू द्या, फुकट न्या" म्हणाली. बाईने तिच्या पाठीत लटकी चापटी मारली. शेवटी पन्नासला सौदा झाला. वीस रुपये पाडून घेतले या आनंदात बाई इतकी फुलली होती की उठताना तिने उज्ज्वलाकडे पाहिलं आणि म्हणाली, "असं असावं बाई, माणसानं! जरा मोकळं."

उज्ज्वलाच्या कानशिलात कढत झालं. तिच्या कुंचीला पंचेचाळीस जड झाले होते आणि चंचलच्या त्या ढिल्या टाक्याला पन्नास हसत दिले होते.

त्या दिवसापासून तिला चंचलचं काहीच बरं दिसेना. चंचलचं हसणं तिला खोटं वाटायचं. चंचलकडे नवा स्टीलचा डबा आला, तो तिने आठ दिवस न पाहता पाहिला. पूर्वी बोळीत ती पाय पसरून भाजी निवडायची. आता पाठ करून बसू लागली. आणि तरी कान तिकडेच. समोर किती जणी आल्या, काय विचारलं, किती घेतल्या, सगळं तिला पाठ असायचं.

हेमराजने त्यात तेल ओतलं. जेवताना सहज बोलून गेला, "गोपाल सांगत होता, चंचलच्या गेल्या रविवारी सात गेल्या. तू जरा शीक ना वं तिच्याकडून."

उज्ज्वलाने त्याच्या ताटात भाकरी वाढली ती जरा आपटूनच. "तिला मी शिकवलं."

"शिवायला शिकवलं. मी विकायचं म्हणतोय."

दोन दिवस तिने त्याच्या डब्यात नुसती भाकरी आणि चटणी बांधली.

तरी पुढच्या रविवारी तिने करून पाहिलं. चंचल आपल्या तान्ह्या पोराला पाजायला घरी गेली होती. एका तरुण जोडप्याने भाव विचारला तेव्हा उज्ज्वलाने मान खाली घालून "ऐंशी" म्हटलं. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"चाळीस देतो," तो पोरगा म्हणाला.

आता काय म्हणतात? कपाळाला हात लावायचा का? हसायचं का? उज्ज्वलाच्या तोंडून एकदम निघून गेलं, "घ्या."

दोघं चपापले. मुलीने कुंची पुन्हा उलटसुलट केली, नवऱ्याच्या कानात म्हणाली, "ऐंशीची चाळीसला लगेच देते, काहीतरी खोट असणार." आणि कुंची ठेवून दोघं निघून गेली. मागे चंचल येऊन उभी राहिली होती. तिने तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते.

त्या हसण्याने उज्ज्वलाच्या मनात जे घर केलं, ते पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ.

मंछाबेन आल्या त्या दिवाळीनंतर. कामरेजच्या घरंदाज सुरती बाई, हातात सोन्याच्या पाटल्या, पायात मऊ चपला. कामानिमित्त उधन्याला कुणाकडे आल्या होत्या, तिथे एका मराठी बाळाच्या डोक्यावर कुंची पाहिली आणि शोधत बाजारात आल्या. त्यांच्या मुलाला अकरा वर्षांनी मुलगा झाला होता. बाळ दोन महिन्यांचं झालं की नात्यागोत्यातल्या पंचवीस तान्ह्या बाळांना कपडा वाटीन, असा त्यांनी अंबामातेला नवस केला होता.

चंचलने त्यांना पाऊण तास बसवून घेतलं. चहा मागवला. सत्तरवरून गाडी पन्नासवर आली. "आवता रविवारे आवीश," मंछाबेन म्हणाल्या, "बानूं आपी जईश." पुढच्या रविवारी विसार देणार. पंचवीस कुंच्या, पन्नासने. चंचलने त्या दिवशी बाजारातून येताना सगळ्या चाळीसाठी जिलेबी आणली. उज्ज्वलाच्या वाट्याची जिलेबी दुपारपर्यंत ताटलीत तशीच राहिली आणि मुंग्यांनी खाल्ली.

आठवडाभर तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र. मंछाबेनच्या घरी पंचवीस बाळं, आणि पंचवीस डोक्यांवर चंचलचे ते लोंबते गोटे. लोक म्हणणार, मराठी बायका अशी कुंची शिवतात. ती मनाला सांगत होती की तिला कामाची लाज वाटतेय. पण ते खरं नव्हतं. चंचलने कुंची सोडून भांडी विकली असती तरी तिला हेच झालं असतं.

रविवारी मंछाबेन नेमक्या दुपारी आल्या. चंचल पोराला पाजायला गेलेली. "पेली बेन क्यां छे?" त्यांनी विचारलं.

"येईल," इतकंच म्हणायचं होतं. उज्ज्वलाने आपली निळी मखमली कुंची उचलून त्यांच्या हातात दिली. "ही बघा, बेन. आतून बघा. ही मी पस्तीसला देते."

मंछाबेननी चष्मा लावला. अस्तर पाहिलं, टाका पाहिला. बाईंना कापड कळत होतं. उज्ज्वलाला ते त्यांच्या बोटांवरूनच समजलं आणि तिची छाती भरून आली. "काम तर आ सारूं छे," त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या बेनपेक्षा खूप चांगलं. मग स्वस्त कसं?"

उज्ज्वलाने पोत्यावरच्या कुंच्या सारख्या केल्या.

मंछाबेन चष्म्यावरून तिच्याकडे पाहत राहिल्या. "ती पन्नास सांगते, तू चांगलं काम करून पस्तीस सांगतेस. म्हणजे खरी किंमत अजून खाली असणार. वीसमां आपशो?"

"वीस? नाही बेन, वीसचं तर सामानच..."

"मग तिची वाट बघते मी."

बाजाराच्या तोंडाशी चंचलची लाल साडी दिसू लागली होती. पोराला कडेवर घेऊन, कुणाशी तरी हसत, ती येत होती.

"पंचवीस," उज्ज्वला घाईघाईने म्हणाली. "पंचवीस शेवटचे. पण आत्ताच पक्कं करा."

मंछाबेननी पर्समधून शंभराची नोट काढली, विसार म्हणून तिच्या हातात ठेवली, कामरेजचा पत्ता सांगितला, आणि चंचल पोचायच्या आत रिक्षात बसल्या.

"कोण होतं, जिजी?"

"कोणी नाही. रस्ता विचारत होती."

चंचल संध्याकाळपर्यंत मंछाबेनची वाट पाहत बसली. तिच्याकडे पाहताना उज्ज्वलाला आयुष्यात पहिल्यांदा जिंकल्यासारखं वाटलं. ते वाटणं रात्रीच्या स्वयंपाकापर्यंत टिकलं. मग तिने मनाशी मजुरी मांडून पाहिली. एका कुंचीमागे हातात तीन रुपये राहत होते.

टाका ढिला करावा, अस्तर गाळावं, असं तिच्या मनात आलं. पहिल्या कुंचीला तिने तसं करूनही पाहिलं. सकाळी ती पुन्हा उसवली. चंचलसारखी शिवायची, तर मग चंचलकडूनच घेऊ दे की! महिनाभर ती पहाटे नळाला पाणी यायच्या आधी उठून शिवायला बसायची. बोटांना सुईचे घट्टे पडले. समोरून चंचल विचारायची, "एवढ्या कुणाच्या, जिजी?" आणि उज्ज्वला म्हणायची, "गावाकडच्या."

बिंग बाजारातच फुटलं. मंछाबेनची कुणी भाची की पुतणी चंचलपुढे येऊन बसली. चंचलने सत्तर म्हटल्यावर ती खुशाल हसली. "अमने खबर छे. मंछामासीला पंचवीसला देताय ना? आणि ती पण अस्तरवाली. ही शेजारचीच तर देते."

भोवती चार-पाच बायका होत्या. सगळ्यांनी ऐकलं. पंचवीस हा आकडा बाजारात कसा पसरला हे पाहायला उज्ज्वलाला उठावंही लागलं नाही; जी आली तिने तोच आकडा तोंडात आणला. त्या दिवशी दोघींचीही एकसुद्धा कुंची गेली नाही. चंचलने पोतं गुंडाळलं आणि उज्ज्वलाकडे न बघता घरी गेली.

उज्ज्वलाला वाटलं होतं, ती चाळ डोक्यावर घेईल. त्यासाठी तिने मनात उत्तरंही जुळवून ठेवली होती. चंचल आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, पोराला झोपवून. दारातच उभी राहिली.

"जिजी, माले एकदाव सांगतीस ते काय बिघडतं?" घरच्या बोलीत, अगदी हळू.

"काय सांगायचं?"

"की तुम्हाला ते काम हवंय. अहो, बाजारचा माल सांभाळून पंचवीस कुंच्या महिन्यात मला एकटीला झेपणार होत्या का? मी तुम्हालाच देणार होते. निम्म्याहून जास्त. त्या बाईला कामातलं कळतं, माझं ढिलं काम तिने घरी गेल्यावर परत पाठवलं असतं."

उज्ज्वलाच्या हातातली सुई थांबली. "मला काय भावाने देणार होतीस?"

चंचलने क्षणभर विचार केला. खोटं बोलावं की नाही याचाच विचार असावा. "पस्तीस."

"आणि तू पन्नास घेणार."

"हो."

"म्हणजे मधले पंधरा तुझ्या घशात! कशाचे?"

"बोलण्याचे," चंचल म्हणाली. तिचा आवाज आता चढला. "पाऊण तास मी त्या बाईची सून, मुलगा, डॉक्टर, नवस, सगळं ऐकलं. चहा पाजला. तुम्हाला ते फुकटचं वाटतं. माझा घसा सुकतो, जिजी. पोर रडत असतं आणि मी हसत असते. तुम्ही शिवता त्याचे तुमचे, मी बोलते त्याचे माझे. तुमच्या हातात कला आहे म्हणून तुम्ही कुणाशी गोड बोलत नाही. मला ती नाही, तर मी काय करू?"

ती गेली. उज्ज्वलाने तिच्या पाठीकडे पाहिलं. चंचलला आपल्या हाताचा हेवा वाटत असेल, हे तिच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं. त्याने तिला समाधान वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट पस्तीसचा आकडा डोक्यात फिरत राहिला. घरबसल्या, एक शब्द न बोलता, पस्तीस मिळणार होते.

माल पोचवायच्या दिवशी हेमराजची दिवसपाळी होती. उज्ज्वला गाठोडं डोक्यावर घेऊन नाक्यावर आली, तर शटल रिक्षात चंचल आधीच बसलेली. पोर शेजारणीकडे ठेवलं होतं.

"कथा चालनी वं? कामरेजले?" उज्ज्वलाने विचारलं.

"तुमच्यासोबत. तुमच्यासाठी नाही," चंचल म्हणाली. "पंचवीसचा भाव मोडायला चाललेय. तो तसाच राहिला तर मलासुद्धा जन्मभर पंचवीसनेच विकावं लागेल."

स्टेशनवरून दोघी कामरेजच्या एसटीत बसल्या. गाठोडं मधे होतं.

मंछाबेनचं घर मोठं, पुढे ओटला, आत झोपाळा. नवसाचा दिवस जवळ आल्याने घरात पाहुण्या बायका भरलेल्या. मंछाबेननी एकेक कुंची उलटून पाहिली. पंचवीसच्या पंचवीस पाहिल्या. खोट सापडेना तेव्हा म्हणाल्या, "या दोन-तीनचा गोटा फिका छे. बावीसच्या हिशेबाने घे."

गोटा फिका नव्हता. रुपेरी होता, तो तसाच असतो. ते सांगायला शब्द येईनात. डोळ्यांत मात्र पाणी आलं, आणि चंचलसमोर आलं म्हणून अंगाचा तिळपापड झाला.

चंचल मात्र भावाचं काही बोललीच नाही. "मासी, बाबो क्यां छे? दाखवा तरी!" म्हणत ती थेट पाळण्याकडे गेली. बाळाला उचललं, पिवळी कुंची मागून घेतली आणि उज्ज्वलाकडे वळली. "जिजी, तुम्ही बांधा. मला बंद नीट बांधता येत नाही."

उज्ज्वलाने बाळाच्या डोक्यावर कुंची बसवली, बंद बांधले, पाठीवरचा घेर सारखा केला. बाळाने मान इकडेतिकडे केली. कुंची तसूभर सरकली नाही. बायका गोळा झाल्या. मंछाबेनची सून, तेहतीस-चौतीसची फिकट मुलगी, बाळाकडे पाहता पाहता रडायलाच लागली.

मग चंचल झोपाळ्याजवळ खाली बसली. "मासी, एक विचारू? नवस तुमचा ना?"

"मारो ज तो."

"या कुंचीला माझ्या जाऊबाईचा दीड दिवस जातो. वर बावीसचं सामान. तुम्ही बावीस देणार, म्हणजे नुसत्या सामानाचे. हाताचं काम झालं हिचं दान. मग अंबामाता पुण्य कुणाच्या नावावर घालेल? तुमच्या की हिच्या?"

कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "ए वात तो साची छे, मंछा."

मंछाबेनचा चेहरा लाल झाला. त्या चिडतील, हाकलून देतील, असं उज्ज्वलाला वाटलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं, मग चंचलला ओलांडून उज्ज्वलाला म्हणाल्या, "तू बोल. किती?"

चंचलने तोंड उघडलं. ती साठ म्हणणार हे उज्ज्वलाला तिच्या ओठांवरून कळलं.

"पंचेचाळीस," उज्ज्वला म्हणाली.

"चाळीस कर."

उज्ज्वलाने चंचलकडे पाहिलं. चंचल मुद्दाम दुसरीकडे बघत होती. पाहुण्यांना दिलेल्या वाटीतला शिरा खाण्यात जणू गुंगली होती.

"बेन," उज्ज्वला म्हणाली, आणि आवाज पुरवून पुरवून वापरावा तसं एकेक शब्द बोलली, "बाळाला शोभते ना? मग त्रेचाळीस द्या. दोन रुपये बाळाला माझ्याकडून."

मंछाबेन हसल्या. पैसे दिले. जेवायला बसवलं. निघताना दोघींना कुंकू लावून ब्लाउजपीस दिले. उज्ज्वलाला साधा सुती, चंचलला रेशमी काठाचा. सून दारापर्यंत आली ती चंचलचा हात हातात धरून, आणि "पुन्हा या" म्हणाली तेही चंचललाच.

एसटीत उज्ज्वला खिडकीबाहेर बघत राहिली. तिच्या कमरेला पैसे होते, तिचा भाव परत आला होता, आणि तिला चंचलचा भयंकर राग येत होता. नुकसान केलं असतं तर एक वेळ सोसलं असतं. हिने वाचवलं होतं, तेसुद्धा गंमत केल्यासारखं, घासभर शिरा खाता खाता.

कडोदऱ्याचा रस्ता मागे पडल्यावर चंचल म्हणाली, "माझे?"

"कशाचे?"

"बोलण्याचे."

उज्ज्वलाने पदराची गाठ सोडली. कुंचीमागे पाच धरून तिने चंचलच्या हातावर सव्वाशे ठेवले. चंचलने ते न मोजता कमरेला लावले. "आणि मला अस्तर लावायला शिकवा," ती म्हणाली. "या वेळी रागावून नाही. नीट."

"तुला धीर नाही."

"नाही. पण शिकवा."

पौषापासून दोघींनी एकच पोतं अंथरायला सुरुवात केली. उज्ज्वला शिवायची, चंचल बोलायची, कुंचीमागे पाच चंचलचे. अस्तर काही चंचलला नीट आलं नाही, पण मोती बऱ्यापैकी येऊ लागले. पंचवीसचा आकडा हळूहळू विरला. आता साठवरून सुरुवात व्हायची. हेमराज म्हणाला, "बघ, मी सांगत नव्हतो?" आणि उज्ज्वलाने या वेळीही भाकरी आपटूनच वाढली.

हेवा गेला असं कुणी म्हणेल तर ते खोटं. गिऱ्हाईक कामाची तारीफ करायचं तेव्हा चंचल हनुवटीने दाखवायची, "यांनी शिवलीय." गिऱ्हाईक एकदा उज्ज्वलाकडे बघायचं, मान डोलवायचं, आणि पुन्हा चंचलशी बोलू लागायचं. दर रविवारी, दर वेळी, ते उज्ज्वलाच्या उरात टोचायचं. फक्त आता ती पाठ करून बसायची नाही.

चैत्रात चंचल नवऱ्या-पोरासह भावाच्या लग्नाला शिंदखेड्याला गेली, पंधरा दिवसांसाठी. रविवारी उज्ज्वला एकटीच बाजारात बसली. जी येईल ती आधी विचारायची, "पेली बेन क्यां छे?" दिवसभर तिने तेच उत्तर दिलं, येईल, गावाला गेलीय. मग नातू की नात, ते विचारलं. एकीच्या दंडाला हातही लावला; हात लावताना कानाच्या पाळ्या तापल्या. दोघी भाव करून उठून गेल्या. एका म्हातारीशी तर असा रंगून सौदा झाला की उज्ज्वलाच "राहू द्या, फुकट न्या" म्हणाली आणि स्वतःच दचकली.

नऊ गेल्या. एकटीच्या नऊ.

पोतं गुंडाळून ती चाळीत आली. हेमराज पाळीवर होता. त्याला सांगितलं असतं तरी तो "बरं झालं" म्हणून कूस बदलणार. आई पारोळ्याला. शेजारणीला काय सांगायचं, नऊ म्हणजे काय ते तिला काय कळणार? कपाळाला हात कसा लावला, कुठे थांबले, कुठे हसले, म्हातारी कशी फसली नाही आणि तरी कशी खूश झाली, हे ज्याला सगळं सगळं समजलं असतं असं अख्ख्या सुरतेत एकच माणूस होतं, आणि त्याच्या दाराला कुलूप होतं.

उज्ज्वला बोळीत, त्या बंद दारासमोर, उन्हं कलेपर्यंत भाजी निवडत बसली. अजून नऊ दिवस होते.